गाडीचा कॉम्प्युटर: कंपनीचाच रीमॅप करायचा की दुसरा बसवायचा?

आपल्याकडं गॅरेजवर अजूनही ‘चिप टाकून घे’ असंच म्हणतात. चिप आता कुणी टाकत नाही. जुन्या गाड्यांत ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, झाकण उघडून ईप्रॉम नावाची चिप उपसायची आणि वेगळ्या आकड्यांची दुसरी चिप त्या जागी बसवायची, तिथून तो शब्द आला. आता तेच आकडे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लॅपटॉप जोडून आत लिहितात. याला रीमॅप म्हणायचं. कंपनीचा डबाच काढून त्याच्या जागी हॉल्टेक, लिंक, मोटेक, ईसीयूमास्टर किंवा मेगास्क्वर्टसारखा दुसरा डबा बसवला, तर तो स्टँडअलोन. ही दोन कामं एकमेकांपासून पार वेगळी आहेत, पण ‘चिप’ या एका शब्दात लोक ती गुंडाळतात आणि तिथूनच पैशाचा घोळ सुरू होतो.

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो. दोन्ही प्रकार स्वतःच्या गाड्यांवर केलेत. डिझेल स्विफ्टचा रीमॅप केला आणि कॅम (वाल्व उघडणारा दांडा) आणि थ्रॉटल बदललेल्या जुन्या इस्टीमवर स्टँडअलोन बसवला. पहिलं काम एका दुपारीत उरकलं. दुसरं दोन हिवाळे आणि एक उन्हाळा पुरलं. दोन्हींतून जे कळलं ते नव्या माणसासाठी क्रमानं लिहितोय. क्रम सोडू नका, कारण पहिल्याच पायरीवर निम्म्या लोकांचं काम होऊन जातं.

पायरी १: आधी गाडी निरोगी आहे का बघा

जालन्याहून एक तरुण आला होता. डिझेल गाडी, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. म्हणाला, “दादा, पिकअपच राहिला नाही. कुणाकडून तरी रीमॅप मारून द्या ना.” स्कॅनर लावला आणि चढावर गाडी दाबली. ईसीयू जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब, मागत होता त्याच्या निम्माच मिळत होता. बोनेटखाली हात घातला तर इंटरकूलरच्या रबरी पाइपला बोटभर चीर आणि भोवती तेलाचा काळा ओघळ. पाइप बदलला, गाडी पूर्ववत. तसाच रीमॅप केला असता तर कॉम्प्युटरनं आणखी बूस्ट मागितला असता, तो भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरला असता आणि महिना-दोन महिन्यांत टर्बोच हातात आला असता.

म्हणून आधी एअर फिल्टर बघा. आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर, त्यातही कापूस नाहीतर ऊस वाहतुकीच्या हंगामात, तो सर्व्हिसच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी तुंबतो. डिझेल असेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा वाल्व) आणि इनटेकमध्ये काजळी किती जमलीय ते बघा, इंजेक्टरचं लीक-ऑफ, म्हणजे त्यातून परत फिरणारं डिझेल, तपासून घ्या. क्लच तपासायचा सोपा मार्ग असा: रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४०-५० च्या वेगात पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि गाडी मात्र त्या मानानं पळाली नाही, तर प्लेट घसरतेय. अशा क्लचवर वाढीव टॉर्क टाकू नका.

आणि रेडिएटर. बोअरच्या पाण्यानं घरातल्या हिटरच्या कॉइलवर जशी पांढरी खपली चढते, तशीच ती रेडिएटरच्या नळ्यांत चढते. कूलंट संपलं की रस्त्याकडेच्या हातपंपाचं पाणी ओतायची सवय आपल्यातल्या बऱ्याच जणांना आहे, मलाही होती. मूळ ताकदीवर ती गाडी कशीबशी निभावून नेते. रीमॅपनंतर मे महिन्यात एसी लावून, चार माणसं घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढताना निभावत नाही.

पायरी २: इंजिन कंपनीचंच आहे का, हे स्वतःला विचारा

माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर ठरतो. बजेट, ब्रँड, मित्राची गाडी किती पळते, हे सगळं नंतर.

ईसीयूच्या आत तक्ते असतात. आडवे आरपीएम, उभा इंजिनवरचा भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: एवढं इंधन, एवढा बूस्ट, ठिणगी इतके अंश आधी. डिझेलमध्ये रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर, इंजेक्शन कधी सुरू आणि किती वेळ, एवढ्या हवेला याहून जास्त डिझेल द्यायचं नाही अशी धुराची मर्यादा, गिअरबॉक्ससाठी टॉर्कची मर्यादा. हे झाले ताकदीचे तक्ते. त्याखेरीज थंड इंजिन कसं सुरू करायचं, एसी चालू झाला की आयडल किती उचलायचं, पंखा केव्हा लावायचा, एखादा सेन्सर मेला तर गाडी हळू का होईना घरापर्यंत कशी न्यायची, इमोबिलायझर, डॅशबोर्ड, एबीएसशी बोलणं, हेही त्याच डब्यात. कंपनीच्या इंजिनिअरांनी हे बर्फात आणि वाळवंटात गाड्या नेऊन वर्षानुवर्षं बसवलेलं असतं.

रीमॅप म्हणजे या जाडजूड पोथीतली मोजकी पानं बदलणं. बाकीची पोथी तशीच राहते आणि तिचा फायदा तुम्हाला फुकट मिळतो. स्टँडअलोन म्हणजे कोरी वही. सकाळी गाडी चालू व्हावी एवढं साधं काम असलं तरी ते तुम्हीच लिहायचं.

त्यामुळं टर्बो, इंजेक्टर, कॅम, कॉम्प्रेशन कंपनीचंच असेल तर कंपनीचा कॉम्प्युटर त्या इंजिनाला कुणाहीपेक्षा जास्त ओळखतो. तिथं रीमॅप. कॉमन रेल डिझेल असेल तर प्रश्नच नाही, रीमॅपच. स्विफ्टच्या मल्टिजेट डिझेल इंजिनात रेलचं प्रेशर १६०० बारच्या घरात जातं आणि एकाच स्ट्रोकमध्ये इंजेक्टर अनेकदा उघडून मिटतो. हे सांभाळणारा बाहेरचा डबा परवडणाऱ्या किमतीत शोधू नका.

नव्या पेट्रोल गाडीतही तसंच. तिथं स्टिअरिंग, एबीएस, डॅशबोर्ड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे सगळे कॅन नावाच्या दोन तारांवरून ईसीयूशी बोलत असतात. त्या गप्पांतला मुख्य माणूसच उचलून नेला की डॅशबोर्डवर दिवाळी होते आणि ऑटोमॅटिक गाडी जागची हलतही नाही.

मग स्टँडअलोन कुणासाठी? ज्याचं इंजिन आता कंपनीचं राहिलेलंच नाही त्याच्यासाठी. कार्ब्युरेटरची जुनी गाडी इंजेक्शनवर नेताय, साध्या इंजिनाला टर्बो जोडताय, ऑटोक्रॉस-रॅलीसाठी जिप्सी उभी करताय. किंवा मूळ ईसीयूच इतका जुना की त्यात बाहेरून काही लिहिताच येत नाही. माझ्या इस्टीमचं हेच झालं. कॅम बदलल्यावर आयडलला गाडी खोकायची, आणि आमच्या हातात होतं त्या कुठल्याही टूलनं तो ईसीयू उघडलाच नाही.

मधली जागाही आहे. टर्बो मोठा केला तरी काही गाड्यांत मूळ ईसीयूच लिहून भागतं, कारण त्याचे तक्ते जगभरच्या ट्यूनरांनी उलगडून ठेवलेत. शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ज्या ऑक्टाव्हिया जोडल्या गेल्या, त्यातल्या १.९ टीडीआयचा बॉश ईडीसी१५ हा असाच. असा उलगडलेला ईसीयू तुमच्या नशिबी असेल तर नवा डबा घेण्यात शहाणपण नाही.

पिगीबॅक नावाचा तिसरा प्रकार दोन ओळींत सांगतो. तो मूळ ईसीयूच्या तारांमध्ये बसतो आणि सेन्सरचे खोटे आकडे आत पाठवतो. काढून ठेवायला सोपा आणि बाइकवाल्यांत लोकप्रिय. पण डिझेलसाठी मिळणारे स्वस्त डबे फक्त रेल प्रेशर सेन्सरला फसवतात. मी ते लावणार नाही, तुम्ही ठरवा. आणि एक्सलरेटरच्या पेडलला लावायचा ‘रिस्पॉन्स बॉक्स’ येतो, त्यानं ताकद एका घोड्यानंही वाढत नाही. पाय अर्धा दाबला की तो पूर्ण दाबल्याचं सांगतो, इतकंच.

पायरी ३: काय मिळेल याचा हिशेब करा

टर्बो गाडीत, डिझेल असो वा पेट्रोल, नीट केलेल्या रीमॅपनं साधारण २० ते ३० टक्के वाढ मिळते. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत ५ ते १० टक्के म्हणजे खूप झालं. आपल्याकडं रोजच्या वापरात दिसणाऱ्या बहुतेक साध्या १.२ लिटर पेट्रोल गाड्यांना रीमॅप करणं म्हणजे पैसे घालून पेडल हलकं करून घेणं आहे.

एक फसवा हिशेब नेहमी ऐकू येतो: “एकच १२४८ सीसीचं इंजिन, स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि एर्टिगात ९०. कंपनीनं मुद्दाम दाबून ठेवलंय.” इंजिन एकच, हे खरं. पण एर्टिगाच्या टर्बोत पात्यांचा कोन बदलतो, स्विफ्टचा टर्बो ठरावीक बांधणीचा. फरक फाइलपुरता नसून लोखंडात आहे. स्विफ्टची फाइल ओढूनताणून ९० च्या पुढं नेता येते, पण ती वाढ त्या लहान टर्बोच्या जिवावर असते.

गिअरबॉक्सचंही असंच. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, ज्याला डीक्यू२०० म्हणतात, तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. पोलो जीटी टीएसआयचा मूळ टॉर्क १७५. मधलं अंतर बघून कुणाला वाटेल, भरपूर जागा आहे. जागा आहे, पण ती ट्यूनरनं शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची की थोडी ठेवायची, हे तुम्ही त्याला आधीच सांगायचं. मी ठेवायला सांगेन. संभाजीनगरच्या जालना रोडवर संध्याकाळी इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत तो क्लच आधीच तापलेला असतो.

पायरी ४: रीमॅप ठरला, तर माणूस निवडा

इथं मी रेंगाळणार आहे, कारण रीमॅपमध्ये वस्तू विकत मिळत नाही. मिळतो तो कुणाचा तरी निर्णय, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

ट्यूनरला पहिला प्रश्न हा विचारा: “माझ्या गाडीतली मूळ फाइल तुम्ही वाचून घेणार का, की सर्व्हरवरून आणणार?” काही ईसीयू ओबीडीतून वाचता येत नाहीत, फक्त लिहिता येतात. मग टूल गाडीचा सॉफ्टवेअर नंबर बघून तसलीच मूळ फाइल नेटवरून उतरवतं. हे चालतं, पण त्यानं ते तुम्हाला सांगायला हवं. शोरूमनं मध्येच एखादं अपडेट टाकलेलं असलं आणि फाइल जुन्या नंबरची आली, तर पुढं विचित्र दुखणी सुरू होतात.

दुसरा प्रश्न: “फाइल तुम्ही बनवता की विकत आणता?” विकत आणण्यात पाप नाही. पण ज्याला फाइल वाचता येत नाही त्याला ती दुरुस्तही करता येत नाही. विनओएलएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या गाडीचा टॉर्क लिमिटरचा तक्ता दाखवा म्हणा. दाखवला तर उत्तम. “ते सिक्रेट असतं साहेब” म्हणाला तर चहा पिऊन निघा.

तिसरं, लिहिताना गाडीची बॅटरी. फ्लॅश करताना व्होल्टेज पडलं आणि फाइल अर्धवट लिहिली गेली, तर ईसीयू तिथंच गप्प होतो. म्हणून चार्जर किंवा स्टॅबिलायझर लावून बॅटरी १३ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतात. आमच्या स्विफ्टचं काम चिकलठाण्यात एका शेडमध्ये चाललं होतं. ६० टक्क्यांवर असताना लाइट गेली. चार्जर बंद, पंखा बंद, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायलेत. सुदैवानं चार्जर इन्व्हर्टरवर होता, तो दोन सेकंदांत परत आला आणि गाडीची बॅटरीही नवी होती. त्या दिवसापासून मी कुणालाही सांगतो: मराठवाड्यात फ्लॅशिंग करायचं तर इन्व्हर्टर आहे का हे आधी बघा, ट्यूनरच्या भिंतीवरची सर्टिफिकिटं नंतर. अर्धवट लिहिलेला ईसीयू बहुतेकदा टेबलावर काढून बूट मोडमध्ये परत जिवंत करता येतो. पण त्यासाठी झाकण उघडावं लागतं, आणि एकदा उघडलेल्या झाकणाचं सील नीट बसलं नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत.

चौथं, उन्हाळा. पुण्या-बंगळुरात २५ अंशांत पक्की केलेली फाइल आपल्याकडं ४३ अंशांत चालणार आहे. त्या उन्हातली हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास ६ टक्के विरळ असते. म्हणजे तेवढाच बूस्ट दिसला तरी ऑक्सिजन कमी. डिझेलमध्ये याचा अर्थ काळा धूर आणि चढतं एक्झॉस्ट तापमान. टर्बोच्या आधीचं तापमान बराच वेळ ८०० अंशांच्या पुढं राहिलं, तर आधी टर्बो आणि मग पिस्टन रडतो. पेट्रोल टर्बोत इंजिन टकटक करायला लागतं आणि ईसीयू ठिणगी मागं ओढतो. गाडी सुरक्षित राहते, पण पैसे देऊन घेतलेली ताकद नेमकी एप्रिल-मेमध्ये गायब होते. म्हणून ट्यूनरला सांगायचं की इनटेक तापमानाच्या दुरुस्तीचे तक्ते मोकळे सोडू नका. काही लोक डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, आकडा चांगला दिसावा म्हणून नेमके तेच सैल करतात.

समृद्धी महामार्गानं हा प्रश्न वाढवलाय. आधी आपल्या रस्त्यांवर दहा मिनिटं सलग पाय दाबून ठेवायची सोयच नव्हती. खड्डा, बैलगाडी, गाव, काहीतरी यायचंच. आता १२० ची मर्यादा पाळूनही दुपारच्या उन्हात तासभर एकसारखा भार इंजिनावर राहतो. डायनोवरच्या थोडक्या वेळाच्या पुलमध्ये न दिसणारी उष्णता तिथं दिसते.

पाचवं, लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद. काम झाल्यावर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, रेल प्रेशर, इनटेक तापमान, पेट्रोल असेल तर ठिणगी किती अंश मागं ओढली, हे आकडे आधीचे आणि नंतरचे, दोन्ही कागदावर घ्या. डायनोचा रंगीत आलेख फ्रेम करायला चांगला, पण गाडी सांभाळायला लॉग लागतो.

माझ्या स्विफ्टला काय मिळालं? कन्नडच्या घाटात जिथं तिसरा टाकावा लागायचा तिथं चौथ्यावर चढते. अव्हरेज तसाच राहिला. ‘रीमॅपनं अव्हरेज वाढतो’ हे जे सांगतात ते पाय पूर्वीसारखाच ठेवणाऱ्या संतांच्या बाबतीत थोडंफार खरं असेल.

पायरी ५: स्टँडअलोन ठरला, तर आधी वहीत यादी करा

डब्याची किंमत ऐकून निर्णय घेऊ नका. माझ्या हिशेबात डबा एकूण खर्चाच्या निम्माही नव्हता. हार्नेस (तारांचा जुडगा), कनेक्टर, वाइडबँड लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा), मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), रिले-फ्यूजचा बॉक्स, क्रँकवरचं दातांचं चाक, आणि मग ट्यूनिंगचे तास. बाहेरून मागवलेल्या मालावर कस्टम वेगळं. स्वस्तात शिकायचं असेल तर स्पीडुइनो आहे, तो आर्डुइनो मेगाच्या बोर्डावर चालतो आणि त्याचं सगळं काम खुलं आहे. मेगास्क्वर्ट २००१ पासून आहे, त्याच्यावर वाचायला साहित्य भरपूर. मी स्पीडुइनो घेतला. तो उत्तम आहे म्हणून घेतला असं नाही, चूक झाली तर रडायला कमी लागेल म्हणून घेतला. आणि चूक झालीच.

वायरिंगचं काम आमच्या उस्तादांनी केलं, तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकलमध्ये घालवलेला माणूस. त्यांचा पहिला नियम: अर्थिंगच्या सगळ्या तारा इंजिन ब्लॉकवर एकाच जागी. दुसरा: क्रँक सेन्सरची तार जाळीची घ्यायची आणि कॉइलच्या तारेपासून लांब न्यायची. हे दोन्ही पाळले म्हणूनच आमच्या आरपीएमचा आकडा कधी उड्या मारत बसला नाही. ज्यांचा बसतो ते महिनोन् महिने इंधनाचा तक्ता बदलत राहतात आणि दोष असतो अर्थिंगचा.

चूक झाली ती माझ्याकडून. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीच्या आउटपुटची दिशा उलटी निवडली होती. त्यामुळं इग्निशन चालू केल्यापासून कॉइलमधून सतत करंट वाहत राहिला. मी लॅपटॉपवर मान घालून बसलेलो, उस्ताद ओरडले, “अरे वास येऊ लागलाय, काय करायलास?” हात लावला तर कॉइल चटका देत होती. गेली ती. तेव्हापासून क्रम पक्का केला: आधी इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवायचे, स्टार्टर मारून आरपीएम दिसतोय का बघायचं, मग एकच कॉइल जोडून दोन मिनिटं ती थंड राहते का बघायची, आणि त्यानंतरच पेट्रोल.

पेट्रोल देण्याआधी अजून एक काम, नवखे लोक हमखास टाळतात ते. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीचं टायमिंग १० अंशांवर बांधून ठेवा आणि टायमिंग लाइट मारून पुलीवर खरंच १० दिसतात का बघा. लॅपटॉप म्हणतो ते आणि इंजिन करतं ते यात पाच अंशांचा फरक असेल, तर पुढचा तुमचा प्रत्येक तक्ता पाच अंशांनी खोटा.

मग इंधनाचा तक्ता. इथं आताच्या काळातली खास मेख आहे. वाइडबँडच्या गेजवर हवा-इंधनाचं प्रमाण, म्हणजे एएफआर, १४.७ हे आदर्श म्हणून सगळीकडं वाचायला मिळतं. तो आकडा शुद्ध पेट्रोलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचं आदर्श प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. म्हणून एएफआरच्या आकड्यांत बोलूच नका, लॅम्डात बोला. लॅम्डा १ म्हणजे बरोबर, इंधन कुठलंही असो.

कंपनीचा ईसीयू लॅम्डा सेन्सर बघून रोजच्या चालवण्यात हा फरक आपोआप भरून काढतो, आणि शिकलेली दुरुस्ती बहुतेकदा पूर्ण रेसलाही थोडीफार लावतो. तुमच्या कोऱ्या वहीत ही सोय तुम्ही लिहिली असेल तरच असते. माझं इस्टीम कमी इथेनॉलच्या दिवसांत मापून ठेवलं होतं. ई२० सगळीकडं आल्यावर एकदा वाइडबँड लावला तर पूर्ण रेसला इंजिन बरंच कोरडं, म्हणजे कमी इंधनावर, चाललं होतं. सगळा वरचा भाग पुन्हा भरावा लागला. त्या काळात गाडी कुणी जोरात पळवली नव्हती, म्हणून पिस्टन वाचले.

आणि थंडी. पूर्ण रेसचा तक्ता दोन दिवसांत बसतो. सकाळचं स्टार्टिंग बसायला हिवाळा जातो, कारण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. डिसेंबरात पहाटे अंगात स्वेटर घालून एक स्टार्टर मारायचा, आकडा बदलायचा, आणि पुन्हा तपासायला उद्याच्या पहाटेची वाट बघायची. परभणीकडं तर पारा एक आकडी होतो, तिथला भाऊबंद गाडी नेणार असेल तर ते तापमानही बघून ठेवावं लागतं. उन्हाळ्यात उलटा त्रास. दुपारी हॉटेलवर जेवायला थांबलात, अर्ध्या तासानं गाडी चालू केली की रेलमधलं पेट्रोल उकळून आलेलं असतं. त्यासाठी वेगळी भर.

हे सगळं वाचून हौस वाढली असेल तर स्टँडअलोन तुमच्यासाठी आहे. कंटाळा आला असेल तर पायरी २ पुन्हा वाचा.

पायरी ६: कागदपत्रं आणि कायदा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करू नये असं ते सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सॉफ्टवेअर कुणाला दिसतंय’ असं म्हणणारे भेटतील. काळा धूर लांबूनही दिसतो. धुराचे निकष मोडल्याचा दंड १० हजारांपर्यंत आहे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून ‘फाइलमध्ये बंद’ करून देणारे आहेत. ते काम करून घेऊ नका. ईजीआर बंद करणंही त्याच गटातलं. डीपीएफ तुंबत असेल तर गाडी गावातल्या गावातच फिरतेय हे त्याचं कारण असतं. आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवली की तो स्वतःला जाळून साफ करतो.

स्टँडअलोनवाली गाडी ट्रॅकची, रॅलीची म्हणूनच धरा. बीएस-६ गाडीवर तो लावून रोज ऑफिसला जाणं हे कायद्यात बसत नाही.

वॉरंटी असलेल्या गाडीला रीमॅप करून नंतर ‘मूळ फाइल परत टाकली की कळत नाही’ यावर विसंबू नका. बऱ्याच ईसीयूत किती वेळा फ्लॅश झालं याची मोजणी असते. फोक्सवॅगन समूहात एकदा छेडछाड सापडली की गाडीच्या नावापुढं टीडी-१ असा शेरा कायमचा पडतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. प्रीमियम वाढेल, पण अपघातानंतर त्याच कारणावरून क्लेम अडकण्यापेक्षा ते परवडलं.

पायरी ७: काम झाल्यावर

पहिले ५०० किलोमीटर जिल्ह्याच्या बाहेर जाऊ नका. कूलंटच्या तापमानावर, बूस्टवर आणि मागच्या धुरावर लक्ष ठेवा. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बदला, मी १० हजारांचं ७ हजारांवर आणलंय. पुढं शोरूमला सर्व्हिसला गाडी दिली तर “सॉफ्टवेअर अपडेट करू नका, आधी विचारा” असं जॉब कार्डवर लिहून घ्या. ते आपुलकीनं अपडेट टाकतात आणि तुमचा रीमॅप पुसला जातो. हे माझ्या बाबतीत झालं, आणि ट्यूनरनं पुन्हा लिहायचे अर्धे पैसे घेतले.

रीमॅप केलेल्या गाडीची मूळ फाइल आणि बदललेली फाइल, दोन्ही पेन ड्राइव्हवर मागून घ्या. ट्यूनर दुकान बंद करून पुण्याला गेला की मागायला कुणी नसतं. स्टँडअलोन बसवलात तर कंपनीचा ईसीयू, त्याच्याशी जोडीची चावी आणि मूळ हार्नेस कुणी कितीही पैसे देऊ करो, विकू नका. तार कापून जोडण्याऐवजी कनेक्टर लावून घ्या, म्हणजे उलटं करता येईल. माझा इस्टीमचा डबा स्टीलच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्या टाकून, आईच्या पापडांच्या शेजारी ठेवलाय. वर ठळक चिठ्ठी आहे, कारण एकदा तिनं तो डबा धुवायला काढला होता.